नवघरचं समन्वय कार्यालय

आमच्या बिल्डिंगमध्ये काकांना सगळे ‘जासूस अंकल’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मुळीच आवडत नसे. जासूस म्हटल्याचा राग नव्हता, पदनाम चुकीचं लावल्याचा होता. लिफ्टमध्ये एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या एकाने हसत विचारलं, "अंकल, कितने जासूस पकडे आपने?" काका शांतपणे म्हणाले, "एक भी नहीं. मैंने छह महकमों के अफसरों को एक टेबल पर बिठाया. पकडना उससे आसान है." दुसरा मजला आला, तो माणूस उतरला, पण काकांचं सांगून झालं नव्हतं. ते त्याच्यामागोमाग उतरले, टेबल गोल का असावं लागतं हे त्याच्या दारात उभं राहून त्याला नीट समजावलं आणि मग जिन्याने चौथ्या मजल्यावर आपल्या घरी गेले.

हे मी ऐकीव सांगत नाही, त्या लिफ्टमध्ये मी होते. त्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर, भाईंदर पूर्वेला नवघरच्या रस्त्याच्या बाजूला, माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. माझं माहेर गुहागरकडचं, तोंड जरा फटकळ. गिऱ्हाइकाला मी उगाच ‘या, बसा’ म्हणत नाही, कारण बसलेलं गिऱ्हाईक उठत नाही. काका पहिल्याच दिवशी न सांगता बसले आणि पुढची तीन वर्षं त्याच खुर्चीवर बसत राहिले.

त्या पहिल्या दिवशी त्यांनी पिशवीतून एक फुलस्केप कागद काढला. त्यावर पेन्सिलीने चौकोन काढलेले होते आणि चौकोनांना जोडणाऱ्या रेघा, काही सलग, काही तुटक. वर शीर्षक होतं, ‘गुप्तवार्ता समन्वय कार्यालय : स्थापना व रचना’. मी कागदाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि शटर अर्धं खाली ओढावं की काय असा विचार करू लागले.

"घाबरू नका मॅडम," ते म्हणाले. "यात गुपित काही नाही. गुपितं खात्यांकडे असतात. माझ्याकडे फक्त खुर्च्या होत्या."

हे अक्षरशः खरं होतं. काका मूळचे रायगडचे. केंद्र सरकारात कारकून म्हणून लागले आणि दिल्लीत तीस वर्षं काढून विभाग अधिकारी म्हणून निवृत्त झाले. मधल्या काही वर्षांत देशातल्या निरनिराळ्या गुप्तवार्ता खात्यांच्या डोक्यावर एक समन्वयाचं कार्यालय उभं करायचं ठरलं. ते उभं करणाऱ्या चार-पाच जणांच्या तुकडीत काका होते. मोठे निर्णय मोठ्या लोकांनी घेतले. कोण कोणाला कळवणार, कुठला कागद कुठल्या टेबलावरून कुठे जाणार, बैठकीत कोणी कोणाशेजारी बसायचं, हे काकांनी मांडलं. त्या कार्यालयाचं नाव त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आता ते सगळं शास्त्र त्यांना पुस्तकात उतरवायचं होतं, आणि तेही मराठीत.

"मराठीत कोण वाचणार हे?" मी विचारलं.

"ज्याला असं कार्यालय स्थापन करायचं असेल तो."

मी चौकोन काढायला घेतले. संध्याकाळी ते प्रिंट घेऊन गेले आणि सकाळी परत आले. एक तुटक रेघ सलग आली होती. मी म्हटलं, काका, रेघच आहे, चालून जाईल. त्यांनी चष्मा काढला. "सलग रेघेवरून हुकूम जातो मॅडम. तुटक रेघेवरून फक्त माहिती जाते. तुम्ही एका रेघेत एक अख्खं खातं दुसऱ्याच्या ताब्यात दिलंत." ती रेघ मी सहा वेळा काढली. सातव्या वेळी मी माउस त्यांच्या हातात दिला आणि चहा प्यायला निघून गेले. परत आले तेव्हा स्क्रीनवर नुसते ठिपके पसरले होते आणि काका शरमून बसले होते. त्या दिवसापासून ते मला ‘टंकलेखन शाखा’ म्हणायला लागले आणि आमचं जमलं.

टाइप करता करता मला ते शास्त्र आपोआप येत गेलं. असं कार्यालय काढताना त्याने काय करायचं हे आधी लिहायचं नसतं. काय करायचं नाही हे आधी लिहायचं. नाहीतर बाकीची खाती दारं लावून घेतात. तिथली माणसं इतर खात्यांकडून उसनी आणायची, पण त्यांचा वार्षिक गोपनीय अहवाल समन्वयकाने लिहायचा, कारण ज्याच्या हातात अहवाल त्याचाच माणूस. माहिती गोळा करणाऱ्याने निष्कर्ष काढायचा नाही. समन्वयकाने स्वतः माहिती गोळा करायला जायचं नाही, नाहीतर तो आपल्याच बातमीच्या प्रेमात पडतो. या सगळ्याच्या मुळाशी काकांचं एक लाडकं वाक्य होतं, जे ते भाजीवाल्यालाही ऐकवत: "माहिती लपलेली नसते हो. ती दुसऱ्या टेबलावर असते."

दुसरं एक खूळ म्हणजे बातमीला दोन वेगवेगळे गुण द्यायचे. बातमी आणणाऱ्याला अ पासून फ पर्यंत अक्षर आणि बातमीला एक ते सहा आकडा, अ आणि एक सर्वांत भरवशाचे. भला माणूसही चुकीची बातमी आणतो आणि लबाड माणूस खरी आणतो, म्हणून दोन्हींची सरमिसळ करायची नाही. हे सरकारी खात्यांत ठीक आहे. काकांनी ते सोसायटीच्या पाण्याला लावलं. पाणी कधी येणार यावरून आमच्याकडे रोज कल्ला व्हायचा. काकांनी जिन्याखाली एक फळा टांगला आणि प्रत्येकाने आणलेली बातमी गुणांसकट लिहायला सुरुवात केली. ‘पाणी साडेसहाला. स्रोत : वॉचमन, अ. बातमी : २.’ त्याखाली, ‘पाणी पाचला. स्रोत : सेक्रेटरी, ड. बातमी : ५.’ सेक्रेटरींनी तो फळा वाचला आणि चौथ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली.

"मेरे को डी दिया आपने? वॉचमन को ए?"

"पिछले हफ्ते तीन बार आपने टाइम बताया, तीनों बार गलत निकला," काका म्हणाले. "सुधर सकता है. निराश मत होइए."

सेक्रेटरी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. पण पाणी कधी येणार ते आम्हाला कळायला लागलं, आणि महिन्याभरात सेक्रेटरी ब वर चढले. तेव्हा त्यांनी मजल्यामजल्यावर पेढे वाटले, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता तो फळा नाही. काका-काकू पुढे मुलीकडे बंगळुरूला गेले आणि तिथेच गेल्या वर्षी काका वारले. पुस्तक छापलं गेलं नाही, ते माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे. माणूस विक्षिप्त होता यात शंका नाही. पण मला आयुष्यात ज्या दोन-चार माणसांबद्दल मनापासून आदर वाटला, त्यांत हे एक, आणि त्याचं कारण ते चौकोन नव्हेत. कारण काकू.

काकू राईच्या. खाडीकाठचं राई, भाईंदर पश्चिमेचं जुनं गाव. घरी थोडी भातशेती, थोडी मासेमारी. दिल्लीत तीस वर्षं सरकारी क्वार्टरमध्ये राहूनही त्यांची बोली तसूभर हलली नव्हती. निवृत्तीनंतर काकांनी नवघरात घर घेतलं ते काकूंना माहेर जवळ पडावं म्हणून. दर बुधवारी सकाळी काकू पिशवी घेऊन निघत, पुलावरून पश्चिमेला जात, तिथून बसने राईला. भावाचं घर, शेताचा उरलेला एक तुकडा, त्यात लावलेली वांगी आणि वाल, बाकी शेतावर आता बिल्डिंगा. दुपारी परत येत तेव्हा पिशवीत मासे असत आणि चेहरा असा फुललेला असे की मी त्यांना दुकानात बोलावून दोन मिनिटं नुसतं बसवून घ्यायची. "तिथं मी बोलते तसं सगली बोलतात ना पोरी," त्या म्हणत. "हितं मना आधी मनात फिरवून बोलायला लागतं."

एका बुधवारी काकू परत आल्या नाहीत.

चार वाजता मला फोन आला. नाक्यावर हिराबाई मासे विकायला बसते, तिचा. ती राहते उत्तनजवळच्या चौक गावात आणि दुपारी टोपली रिकामी झाली की घरी जाते. "तुमच्या बिल्डिंगच्या काकू हितं आल्यान," ती म्हणाली. "बोंबील वालत घातलेत तिथं बसल्यान. कुठं जायचं इचारलं तर दिल्ली सांगतान." राईहून परत येताना त्या उलट दिशेच्या बसमध्ये चढल्या होत्या आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत गेल्या होत्या. आमच्या नाक्यावरचा रिक्षावाला संतोष लगेच निघाला आणि त्यांना घेऊन आला. काकू थकल्या होत्या, पण हिराबाईने दिलेले सुके बोंबील त्यांनी नीट पदरात बांधून आणले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दुकानात आले. खुर्चीवर बसले नाहीत.

"तुम्हाला आधी काही दिसलं होतं?"

मी मान खाली घातली. दिसलं होतं. काकू दोन-तीन महिन्यांत आधार कार्डाची झेरॉक्स काढायला पाच-सहा वेळा आल्या होत्या. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी काही बोलले नव्हते. हिराबाईला दिसलं होतं, पिशवीत मासे असताना काकूंनी तिच्याकडून पुन्हा मासे घेतले होते. मेडिकलवाल्या जिग्नेशला दिसलं होतं, गोळ्या घेऊन गेल्या आणि दहा मिनिटांत त्याच गोळ्या मागायला आल्या. संतोषला एकदा त्यांनी दिल्लीतल्या क्वार्टरचा पत्ता सांगितला होता, त्याला वाटलं काकू गंमत करतात. आम्ही चौघं रोज एकमेकांना भेटत होतो. चौघांनीही ते आपापल्यापाशी ठेवलं, आणि चांगुलपणाने ठेवलं.

"आणि काका, तुम्हाला?" मी विचारलं.

खिशातून डायरी काढून त्यांनी मला एक पान दाखवलं. ‘संध्याकाळी चहा दोनदा केला. स्रोत : नवरा, फ. बातमी : ६.’ मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. या माणसाने स्वतःला सर्वांत खालचं अक्षर दिलं होतं आणि बातमी केराच्या टोपलीत टाकली होती. का, तर नवऱ्याचं बायकोबद्दलचं मत भरवशाचं नसतं, असं त्यांच्या शास्त्रात बसत होतं.

"देशभरातल्या खबरा एका टेबलावर याव्यात म्हणून मी वाटा आखल्या," ते म्हणाले. "माझ्या घराची खबर माझ्या टेबलावर यायला वाट नव्हती." आवाज चढला नव्हता. पण त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा म्हातारं झालेलं पाहिलं.

बंगळुरूहून मुलीचे रोज फोन सुरू झाले. आईला एकटं बाहेर पाठवायचं नाही, राई बंद, घरात बाई ठेवा, नाहीतर इकडे या. मुलीचं चुकत नव्हतं. डॉक्टरांनीही वयाचं आणि विसरण्याचं कारण सांगून जपायला सांगितलं होतं. पण बुधवारची राई बंद केली तर काकूंजवळ काय उरणार हे काकांना माहीत होतं. त्यांनी मुलीकडून एक महिना मागून घेतला. महिन्याच्या शेवटी सगळी माहिती तपासून ठरवू म्हणाले. तोवर बुधवारी काकूंबरोबर जाता-येता त्यांची भाची असायची, आणि काकूंना ते जराही आवडत नव्हतं.

मग काकांनी कार्यालय स्थापन केलं. आमच्या दुकानात, दर मंगळवारी सकाळी अकराला. सदस्य हिराबाई, जिग्नेश, संतोष आणि मी. पहिल्या बैठकीत त्यांनी एक पान वाचून दाखवलं, ते अर्थात न करायच्या गोष्टींचं होतं. काकूंच्या मागावर कोणी राहायचं नाही. चुकल्या तर कोणी हसायचं नाही, रागवायचं नाही. इथलं बोलणं दुकानाबाहेर न्यायचं नाही. आणि एकाच्याच बातमीवर कोणी परस्पर काही करायचं नाही. हिराबाई टोपलीवर हात ठेवून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "आमी करायचा काय मंग?"

"दिसलं की टंकलेखन शाखेला कळवायचं. दिवस, वेळ, काय दिसलं. का झालं असेल ते सांगायचं नाही."

"एवढाच?"

"एवढंच कोणाला जमत नाही हिराबाई," काका म्हणाले.

खरंच जमत नव्हतं. जिग्नेश प्रत्येक बातमीला औषधाचं नाव जोडायचा. संतोष आपल्या आजीचं काय झालं होतं ते सांगायचा. काका ते सगळं शांतपणे ऐकून घेत आणि मला म्हणत, पहिलं वाक्य ठेवा, बाकीचं खोडा. काकांची स्वतःची तर तऱ्हाच निराळी. समन्वयकाने माहिती गोळा करायची नाही हा नियम ते घरातही पाळायला लागले. दुपारी खाली येऊन मला विचारत, आज काही? मी एकदा वैतागून म्हटलं, काका, वर जाऊन बघा ना, काकू स्वयंपाकघरात आहेत. तर म्हणतात, "ते क्षेत्रकाम झालं." माझ्या मनात आलं की यांना उचलून चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवावं.

महिना संपला तशी शेवटची बैठक आली. काकांनी आम्हा चौघांचं मत घेतलं. मन घट्ट करून चौघांनीही तेच सांगितलं, काकूंना एकटं सोडू नये. जिग्नेश म्हणाला, "अंकल, दिल नहीं मानता, पर रिस्क है." काकांनी मान हलवली आणि मला टिपण टाइप करायला सांगितलं. ‘सर्व सदस्यांचं मत, बाईंनी राईला एकटीने जाणं थांबवावं.’ खाली त्यांनी एक ओळ मोकळी सोडायला लावली. टिपणाखाली ‘असहमती’ अशी ओळ हवीच आणि तिथे ‘कोणी नाही’ असं लिहिल्याशिवाय टिपण पूर्ण होत नाही, असं ते म्हणाले. सगळ्यांचं एकमत झालं की त्यांना भीती वाटायची.

मी ‘कोणी नाही’ लिहायला बोटं उचलली, तेवढ्यात दारात काकू उभ्या.

हातात पिशवी नव्हती, म्हणजे बाजाराला निघाल्या नव्हत्या. त्यांनी आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. हिराबाईने पदर तोंडाला लावला.

"माझ्याबद्दल चाललंय ना?" काकू काकांना म्हणाल्या. "महिना झाला बघते. मंगलवार आला की तुमी इस्त्रीचा शर्ट घालता. सगल्यांना खुर्ची हाय. माझी कुठं हाय?"

काकांनी टिपणाकडे पाहिलं. त्यांच्या इतक्या वर्षांच्या शास्त्रात, ज्याच्याबद्दल माहिती गोळा करायची तो माणूस बैठकीला बसल्याचं एकही उदाहरण नव्हतं. सहा खात्यांच्या साहेबांना कोणी कुठे बसायचं ते सांगणारा हा माणूस, स्वतःच्या बायकोला कुठे बसवायचं हे त्याला सुचेना. जीव तोडून सगळी व्यवस्था तिच्याभोवती उभी केली आणि तिला विचारायचं राहून गेलं होतं.

मग ते उठले आणि आपली खुर्ची त्यांनी काकूंसाठी पुढे केली. स्वतः झेरॉक्स मशीनला टेकून उभे राहिले.

"वाच पोरी काय लिवलंय ते," काकू मला म्हणाल्या. मी वाचलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, रागावल्या नाहीत.

"खाली जागा ठेवलीय ती कुनासाठी?"

"ज्याला पटत नाही त्याच्यासाठी," काका म्हणाले.

"मंग लिव. मना पटत न्हाय." काकू सांगत गेल्या आणि मी टाइप करत गेले. मी सवयीने त्यांचं बोलणं शुद्ध करायला लागले तर काका मागून म्हणाले, "जसं सांगतायत तसं." म्हणून ते असं आहे:

‘मना ठाव हाय मी इसरते. पन राईला जाताना मी इसरत न्हाय. ती वाट माझ्या पायांना ठाव हाय. येताना इसरते. राईतून निघाले की घर म्हंजे मना दिल्लीचं घर दिसतं, नवघरचं दिसत न्हाय. म्हनून कार्डावरचा पत्ता वाचते. जायाला मना कोन नको. यायाला कोनीतरी पाठवा.’

मग काकांनी हात पुढे केला आणि मी महिन्याभराची नोंदवही त्यांना दिली. आधीच्या आठवणीही आम्ही त्यात पहिल्याच दिवशी लिहून घेतल्या होत्या. त्यांनी एकेक नोंद बोट ठेवून वाचली. दुसऱ्यांदा घेतलेले मासे, बुधवार दुपार. गोळ्या, बुधवार दुपार. संतोषला सांगितलेला पत्ता, बुधवार दुपार. चौकला गेलेली बस, परतीची. माझ्या झेरॉक्सा सगळ्या बुधवारच्या, सगळ्या दुपारच्या. मी वेडी समजत होते की काकूंना कॉपी हवीय. कॉपी हातात आली की त्या दारात उभं राहून तिच्यावरचा पत्ता वाचत आणि मगच लिफ्टकडे जात. मला दिवस दिसला होता, वेळ दिसली होती, आणि तरी काही दिसलं नव्हतं. संध्याकाळचा दुसरा चहा तेवढा राहिला. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, तो त्यांना प्यायचाच असतो.

काकांनी पेन काढलं आणि असहमतीच्या ओळीपुढे समासात लिहिलं, ‘स्रोत : अ. बातमी : १.’ तीन वर्षांत हे गुण एकत्र कोणाला दिलेले मी पाहिले नव्हते. वॉचमनलाही नाही. मग त्यांनी वरचं, आम्हा चौघांचं मत एका सरळ रेघेने खोडलं. मुलीला फोनवर काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण बराच वेळ सांगत होते एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी बुधवार. भाची आली नाही. काकू नऊ वाजता पिशवी घेऊन एकट्या निघाल्या. जाताना दुकानात डोकावून मला म्हणाल्या, "येते." काका गॅलरीत उभे असतील असं वाटून मी बाहेर येऊन वर बघितलं. गॅलरीत कोणी नव्हतं. ते शर्ट-पँट घालून आधीच संतोषच्या रिक्षापाशी उभे होते.

"काका, तुम्ही जाणार? संतोष आणेल की त्यांना."

"क्षेत्रकाम आहे," ते म्हणाले, आणि परतीच्या वेळेच्या चार तास आधीच निघाले.

पुढचं मला संतोषने सांगितलं. काकूंना दिसू नये म्हणून ते राईच्या स्टॉपपासून जरा लांब, एका बंद टपरीच्या सावलीत बसून राहिले. एकच्या सुमारास काकू गल्लीतून आल्या, पिशवीत वालाच्या शेंगा. रस्त्याला लागल्यावर क्षणभर थांबल्या, इकडे तिकडे बघायला लागल्या. काका पुढे झाले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीने म्हणाल्या, "अवो, रिक्षा घरी जाते का?" काका म्हणाले, जाते, बसा. संतोषला आरशातून दोघं दिसत होते. काकू वाटभर बोलत होत्या, खाडीबद्दल, वांग्यांबद्दल. मग काकांनी विचारलं, घरी कोण असतं? तर म्हणाल्या, "मालक असतान. मानूस लय चांगला हाय. मोठ्या हापिसात व्हता. पन एक खोड हाय त्याला. माझ्याबद्दल काय बी ठरवायचं झालं की सगल्यांना इचारतो, मना इचारत न्हाय." संतोष मला म्हणाला, वहिनी, मला वाटलं काका आता रडणार. पण ते फक्त म्हणाले, "त्यांना सांगतो मी." नवघरचा नाका दिसला तशी काकूंनी शेंगांची पिशवी काकांच्या हातात दिली, नेहमी देतात तशी, आणि म्हणाल्या, "संध्याकालला वाल करू ना?"

गुरुवारी सकाळी काका दुकानात आले आणि खुर्चीवर बसले. टिपण हाताने लिहून आणलं होतं, मी ते टाइप केलं. त्याची एक प्रत त्यांनी फाइलला लावली आणि एक घडी करून काकूंना द्यायला वर नेली. टिपण तीनच ओळींचं होतं.

‘बुधवार. बाई राईहून निघाल्या व सुखरूप घरी पोचल्या. परतीच्या वाटेवर समन्वयकाविरुद्ध एक तक्रार प्राप्त झाली. तक्रार खरी आहे.’